तिसरं पाकीट

१२ एप्रिल १९६१च्या सकाळी मॉस्कोत 'तास' या सरकारी वृत्तसंस्थेकडे आणि रेडिओ केंद्राकडे तीन बंद पाकिटं पोचलेली होती. युरी गागारिन तेव्हा अजून जमिनीवरच होता. एका पाकिटात यशाची बातमी होती. दुसऱ्यात, यान परक्या देशात किंवा समुद्रात उतरलंच तर तिथल्या सरकारांनी मदत करावी, अशी विनंती होती. तिसऱ्यात गागारिनच्या मृत्यूची बातमी होती. आदेश येईल ते पाकीट फोडायचं, असं ठरलं होतं.

पहिलं पाकीट फुटलं. सकाळी १० वाजून गेल्यावर युरी लेव्हितान यांच्या आवाजात ती बातमी देशभर गेली. महायुद्धाच्या बातम्या ज्या आवाजात लोकांनी श्वास रोखून ऐकल्या होत्या, तोच हा आवाज. गागारिन त्या वेळी पृथ्वीभोवती फिरत होता. उड्डाण केलं तेव्हा तो सीनियर लेफ्टनंट होता, बातमीत तो मेजर झालेला होता. १०८ मिनिटांत त्याचा प्रवास संपला आणि उरलेली दोन पाकिटं निरुपयोगी झाली.

मृत्यूचा मजकूर आधी लिहून ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत मोठ्या माणसांचे मृत्युलेख ती माणसं हयात असतानाच तयार असतात. यान आकाशात असतानाच बातमी जाहीर करण्यामागेही समंजस विचार होता. गागारिन चुकून दुसऱ्या देशात उतरला, तर हेर समजून त्याला कोणी धरू नये, उलट मदत करावी. मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. त्या सकाळच्या आधी बरोबर २० दिवस, २३ मार्चला, गागारिनच्याच अंतराळवीरांच्या तुकडीतला एक वैमानिक मॉस्कोत जळून मेला होता. व्हॅलेंतिन बोंदारेन्को त्याचं नाव, वय २४. त्याच्यासाठी कुठलंच पाकीट नव्हतं. त्याचं नाव सोव्हिएत वर्तमानपत्रात छापून यायला २५ वर्षं लागली.

बोंदारेन्कोला एकांताच्या चाचणीसाठी हवाबंद खोलीत ठेवलं होतं. आतला दाब कमी, ऑक्सिजनचं प्रमाण जास्त. दहाव्या दिवशी अंगावर चिकटवलेले सेन्सर काढून त्याने ती जागा स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि बोळा बाजूला टाकला. तो विजेच्या शेगडीवर पडला. अशा हवेत आग भडकायला क्षण पुरतो. दार आतल्या-बाहेरच्या दाबातल्या फरकामुळे लगेच उघडता येईना. काही तासांनी रुग्णालयात त्याने प्राण सोडला. त्याच्यामागे तरुण बायको आणि लहान मुलगा होता.

अंतराळस्पर्धेच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतल्या पत्रकारितेचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. रशियाने लपवलं, अमेरिकेने उघड्यावर केलं. त्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. पण या वाक्याने अमेरिकेच्या, म्हणजे मोकळ्या समाजातल्या पत्रकारांची फार स्वस्तात सुटका होते. सोव्हिएत पत्रकाराच्या तोंडावर हात दाबलेला होता. अमेरिकन पत्रकाराच्या तोंडावर कोणाचा हात नव्हता, तरी ऐन महत्त्वाच्या प्रश्नांना त्याने तोंड मिटून घेतलं. माझ्या मते दोष या दुसऱ्याचा अधिक आहे. ज्याला बोलता येत होतं, त्यालाच आपण जाब विचारू शकतो.

सुरुवात प्रचारापासून झालीच नव्हती, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं. ४ ऑक्टोबर १९५७ला स्पुतनिक हा सोव्हिएत संघाने सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा गोळा. दुसऱ्या दिवशीच्या 'प्रावदा'त, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात, त्याची बातमी पहिल्या पानावर होती, पण साधी, तांत्रिक, कोरडी. एखाद्या नव्या धरणाची बातमी यावी तशी. त्याच दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र पानभर मथळा दिला. पश्चिमेत उडालेली घबराट मॉस्कोत पोचली आणि ६ तारखेच्या 'प्रावदा'चं पहिलं पान स्पुतनिकने व्यापून गेलं. आपल्या हातात काय शस्त्र आलंय, हे सोव्हिएत नेतृत्वाला शत्रूच्या वर्तमानपत्रांनी सांगितलं. स्पुतनिकचा बीप-बीप आवाज जगभरचे हौशी रेडिओवाले आपापल्या घरी ऐकत होते. त्याला कुठल्या पत्रकाराच्या ग्वाहीची गरजच नव्हती. ती बातमी स्वतःच स्वतःची साक्ष होती, आणि म्हणून तिचा परिणाम इतका खोल झाला.

त्यानंतर मात्र प्रत्येक उड्डाणाला खोट्याचं अस्तर लागत गेलं. ३ नोव्हेंबर १९५७ला लायका ही कुत्री दुसऱ्या स्पुतनिकमधून गेली. ती बरेच दिवस जिवंत होती, असं जगाला सांगितलं गेलं. ती काही तासांतच उष्णतेने मेली होती, हे २००२ साली एका रशियन शास्त्रज्ञाने उघड केलं. त्या मोहिमेत काम केलेले ओलेग गाझेन्को म्हातारपणी म्हणाले की, जसजसा काळ जातो तसतसं मला जास्त वाईट वाटतं, त्या मरणाचं समर्थन होईल इतकं आम्ही त्यातून शिकलोच नाही.

२४ ऑक्टोबर १९६०ला कझाकस्तानातल्या त्युरातामच्या तळावर एक क्षेपणास्त्र जमिनीवरच पेटलं. त्यात मार्शल मित्रोफान नेदेलिन आणि त्यांच्यासोबत ७० हून अधिक माणसं गेली. नेदेलिन विमान अपघातात वारले, असं जाहीर झालं. बाकीच्यांबद्दल काहीच नाही. खरी हकिगत सोव्हिएत नियतकालिकात यायला १९८९ उजाडलं. त्युराताम हे नावही लपवलेलं होतं. तळाला बैकोनूर म्हटलं गेलं, ते गाव तिथून शेकडो किलोमीटर लांब.

गागारिनच्या उतरण्याची गोष्ट तर मला सर्वांत करुण वाटते, कारण त्यात खोटं बोलायची गरजच नव्हती. सुमारे ७ किलोमीटर उंचीवर तो यानातून बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने शेतात उतरला. तिथे एका आजीने आणि तिच्या नातीने त्याला पाहिलं. यानाची रचनाच तशी होती, त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण हवाई विक्रमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम असा की, वैमानिकाने आपल्या यानासकट उतरलं पाहिजे. विक्रम हातचा जाऊ नये म्हणून तो यानातच उतरला, असं कागदावर आलं. पत्रकारांनी विचारलं की गागारिनला शब्दांची कसरत करावी लागे. माणसाच्या इतिहासातला एवढा मोठा पराक्रम करून आलेल्या २७ वर्षांच्या मुलाला एका नियमासाठी आयुष्यभर खोट्याला धरून राहावं लागलं. १९६८ साली विमान अपघातात तो गेला. सोव्हिएत संघाने खरं मान्य केलं १९७१ साली.

ज्यांनी हे सगळं घडवलं ते सर्गेई कोरोल्योव्हसुद्धा असेच मिटवलेले होते. वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख 'मुख्य रचनाकार' एवढाच. 'प्रावदा'त ते लिहीत, पण प्राध्यापक के. सर्गेयेव्ह या टोपणनावाने. जानेवारी १९६६मध्ये ते वारले तेव्हा मृत्युलेखात त्यांचं खरं नाव आणि छायाचित्र देशाने पहिल्यांदा पाहिलं. उलट ग्रिगोरी नेल्युबोव्ह हा गागारिनच्या तुकडीतला वैमानिक १९६३ साली शिस्तभंगासाठी काढला गेला, तर जुन्या छायाचित्रांतूनही त्याला पुसून टाकण्यात आलं. त्याच्या जागी झुडूप किंवा भिंत. पुढे पश्चिमेतल्या काही चिवट अभ्यासकांनी एकाच छायाचित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या आणि मध्ये एक माणूस नाहीसा झालाय, हे दाखवून दिलं. तोवर नेल्युबोव्ह मरून गेला होता.

या लपवाछपवीने एक विचित्र गोष्ट घडवली. जिथे खरी माहिती मिळत नाही तिथे अफवेला भाव येतो. गागारिनच्या आधी रशियाने अनेक माणसं वर पाठवली आणि ती मेली, अशा कहाण्या पश्चिमेतल्या वर्तमानपत्रांनी बेधडक छापल्या. इटलीत तुरीन इथल्या दोन भावांनी आपण मरणाऱ्या अंतराळवीरांचे आवाज पकडल्याचा दावा केला, तोही छापला. व्लादिमिर इल्युशिन या चाचणी वैमानिकाला मोटार अपघातात दुखापत झाली होती, तर तोच खरा पहिला अंतराळवीर, असं लिहिलं गेलं. म्हणजे कधीच न मेलेल्यांची नावं जगभर छापून आली, आणि खरोखर मेलेल्या बोंदारेन्कोचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. मॉस्कोने सत्य दाबलं हे खरं. पण ज्या संपादकांनी पडताळणी न करता काल्पनिक प्रेतं विकली, त्यांनीही त्या मुलाच्या मरणावर मातीच टाकली. एकदा 'रशियात माणसं मरताहेत' ही अफवा ठरली, की खरी बातमीसुद्धा अफवेच्याच ढिगात जाते.

आता अमेरिका. तिथल्या पत्रकारांचं पहिलं काम चोख होतं, हे मला मनापासून सांगायचंय. ६ डिसेंबर १९५७ला फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरल या तळावर व्हॅनगार्ड रॉकेट जमिनीपासून जेमतेम उचललं आणि तिथेच कोसळून पेटलं. साऱ्या देशाने ते पाहिलं, वर्तमानपत्रांनी त्याला 'फ्लॉपनिक' म्हटलं, सरकारला लाज वाटेल असं सगळं छापलं. कोणी कोणाला अडवलं नाही. १९५८च्या ज्या कायद्याने नासा जन्माला आली, त्यात आपल्या कामाच्या माहितीचा शक्य तितका व्यापक आणि योग्य प्रसार करण्याची जबाबदारीच नासावर टाकलेली आहे. कायद्यात असं लिहिणं ही साधी गोष्ट नव्हे. ५ मे १९६१ला ॲलन शेपर्ड हा पहिला अमेरिकन अंतराळवीर वर गेला तेव्हा तो जिवंत परतेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरीही कॅमेरे चालू होते.

मग बिघडलं कुठे? एका करारात, असं मी म्हणेन.

९ एप्रिल १९५९ला वॉशिंग्टनमध्ये सात वैमानिकांना पत्रकारांसमोर उभं केलं गेलं. अमेरिकेचे पहिले अंतराळवीर. पत्रकार परिषदेत जमलेल्या वार्ताहरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या खटकतात. त्या सातांपैकी कोणी अजून काहीच केलेलं नव्हतं. आणि केलं असतं तरी प्रश्न विचारायला आलेल्या माणसाने टाळ्या वाजवायच्या नसतात, हा या धंद्यातला जुना संकेत आहे. चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, 'लाइफ' साप्ताहिकाने सातही जणांच्या आणि त्यांच्या बायकांच्या खासगी कहाण्यांचे हक्क तीन वर्षांसाठी ५ लाख डॉलरला विकत घेतले. रक्कम सातांत वाटली जायची होती. लेख त्यांच्या नावावर, 'मी'ने सुरू होणारे. बहुतेक लिहून देणारे 'लाइफ'चे लोक, आणि छापण्याआधी नजर नासाची.

या कराराच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. ही माणसं सैन्याच्या पगारावर जीव धोक्यात घालत होती. दारात रोज पन्नास वार्ताहर उभे राहण्यापेक्षा ओळखीचा एक बरा, असं त्यांच्या घरच्यांना वाटलं तर मी त्यांना दोष देणार नाही. असल्या धोक्याच्या कामात बायका-मुलांच्या पुढच्या आयुष्याची तरतूद कोण करणार, हाही रास्त प्रश्न होता. केनेडींच्या काळात हा प्रकार बंद करायचा विचार झाला, पण त्या सातांतल्या जॉन ग्लेन यांनी अंतराळवीरांची बाजू मांडली आणि तो चालू राहिला.

माझा आक्षेप पैशाला नाही. जनतेच्या पैशाने झालेला अनुभव एका प्रकाशनाच्या मालकीचा झाला, हा पहिला आक्षेप, आणि तो तेव्हाही इतर वर्तमानपत्रांनी घेतला होता. माझ्या लेखी दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्यांच्याशीच भागीदारी झाली. अंतराळवीराचं तेज उतरलं तर 'लाइफ'चा माल उतरणार. मग त्याच्या घरातल्या कुरबुरी, त्याचं पिणं, त्याची बाहेरची प्रकरणं छापली जात नाहीत, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. त्या खासगी गोष्टी न छापणं कदाचित योग्यच होतं. पण तीच नजर यंत्राकडे वळली की यंत्रातल्या त्रुटीही दिसेनाशा होतात. सात निर्दोष वीर छापायचे, तर त्यांच्या हाती सदोष यान देणारी संस्था कशी छापणार?

नासा उघड संस्था होती, हेही तपासून पाहावं लागतं. १ मे १९६०ला रशियावर टेहळणी करणारं यू-२ विमान पाडलं गेलं. ५ तारखेला निवेदन कोणी काढलं? नासाने. आमचं हवामान संशोधनाचं विमान तुर्कस्तानात व्हॅन सरोवराच्या परिसरात बेपत्ता झालंय, वैमानिकाला ऑक्सिजनचा त्रास होत होता, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी एका यू-२ विमानावर नासाची अक्षरं रंगवून ते वार्ताहरांना दाखवण्यात आलं. ७ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत आमच्या ताब्यात असल्याचं सांगितलं आणि सगळं उघडं पडलं. त्याच वर्षी डिस्कव्हरर नावाचे उपग्रह जात होते. शास्त्रीय प्रयोगांसाठी म्हणून त्यांची माहिती दिली जात होती. ऑगस्ट १९६०मध्ये आकाशातून परत आलेली कुपी राष्ट्राध्यक्षांना दाखवण्यात आली, आत अमेरिकेचा ध्वज होता. छायाचित्रंही छापून आली. आठवड्याभरातच पुढची कुपी हवेतच पकडली, तिच्यात सोव्हिएत भूमीच्या टेहळणीची फिल्म होती. ती योजना १९९५ साली उघड झाली.

राष्ट्रीय सुरक्षेसाठी काही गोष्टी लपवाव्या लागतात, हे मला मान्य आहे. टेहळणी उपग्रहांनी युद्ध टाळायला मदतच केली असेल. क्षेपणास्त्रांत रशिया कितीतरी पुढे आहे, असं जोसेफ ऑल्सप यांच्यासारखे स्तंभलेखक छातीठोक लिहीत होते, तेव्हा त्या फिल्मनेच दाखवलं की रशियाची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. गुपित राखणं आणि खोटं सांगणं यांत मात्र फरक आहे. 'सांगता येणार नाही' हे एक उत्तर आहे. विमानावर अक्षरं रंगवून वार्ताहरांना बोलावणं म्हणजे त्यांना खोट्याचे हमाल करणं. त्या वार्ताहरांनी पुढे नासाच्या प्रत्येक निवेदनाकडे संशयाने पाहायला हवं होतं. वर्षभरातच ते सगळे केप कॅनव्हेरलच्या वाळूत उभे राहून रॉकेटबरोबर आपलाही गळा भरून आल्याचं लिहीत होते.

व्हर्नर फॉन ब्राउन यांच्याबाबतीत तर ही डोळेझाक मला अक्षम्य वाटते. हिटलरच्या जर्मनीत व्ही-२ रॉकेट बनवणारा हा माणूस एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचा, अधिकारी होता. ती रॉकेटं मिटलबाउ-डोराच्या छळछावणीतले कैदी जमिनीखालच्या बोगद्यांत बनवत. तिथे सुमारे २० हजार माणसं मेली. रॉकेट पडून जितके मेले त्याहून जास्त ते बनवताना मेले. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या खपाच्या मासिकांनी आणि डिस्नेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी त्यांना अंतराळाचा प्रेषित करून टाकलं. १९५८च्या फेब्रुवारीत 'टाइम'च्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं. छावणीतून वाचलेली माणसं जिवंत होती, फ्रान्समध्ये, पोलंडमध्ये, बोलायला तयार होती. १९६३ साली पूर्व जर्मनीतल्या एका लेखकाने फॉन ब्राउन यांच्या एसएसमधल्या भूतकाळावर पुस्तक लिहिलं. ते कम्युनिस्ट सरकारच्या सोयीचं होतं, प्रचारासाठीच लिहिलेलं होतं. पण त्यातला गाभा खरा होता. अमेरिकेतल्या पत्रकारांनी ते प्रचार म्हणून बाजूला सारलं. सत्य शत्रूच्या तोंडून आलं की ते सत्य राहत नाही, असं मानणं ही पत्रकाराच्या विवेकाची सर्वांत मोठी हार आहे. शत्रू काय सांगतोय ते जाऊन तपासा, एवढंच करायचं होतं. डोराची हकिगत अमेरिकन वाचकांपुढे ठळकपणे यायला १९८०चं दशक उजाडलं. फॉन ब्राउन १९७७ सालीच वारले होते, सन्मानाने.

आणि मग २७ जानेवारी १९६७. केपवर अपोलो या चंद्रमोहिमेच्या यानात सराव चालू असताना आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन, आणि झाकण आतल्या बाजूला उघडणारं, दाबामुळे न हलणारं. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी काही मिनिटांतच गेले. मॉस्कोतल्या त्या हवाबंद खोलीत सहा वर्षांपूर्वी घडलेलंच पुन्हा घडलं. बोंदारेन्कोची बातमी छापून आली असती तर हे तिघे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजन आणि आग यांचं नातं नासाच्या अभियंत्यांनाही माहीत होतं, त्यांच्याकडेही इशारे होते. पण न छापलेल्या मरणातून कोणी काही शिकूच शकत नाही, एवढं तर खरं.

यान बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या कामावर अपोलो योजनेचे संचालक जनरल सॅम्युएल फिलिप्स यांनी डिसेंबर १९६५मध्येच अत्यंत कडक टीका करणारी टिपणं दिलेली होती. काम ढिसाळ, वेळापत्रक कोलमडलेलं, खर्च हाताबाहेर. आगीच्या आधी १३ महिने. त्या काळात शेकड्यांनी वार्ताहर केपवर आणि ह्यूस्टनमध्ये तळ ठोकून होते. अंतराळवीर सकाळी न्याहारीला काय खातो, हे त्यांनी जगाला सांगितलं. फिलिप्स यांची टिपणं त्यांच्यापैकी कोणीच बाहेर आणली नाहीत. ती बाहेर आली आगीनंतर, सिनेटमध्ये वॉल्टर मॉन्डेल या सदस्याने विचारलेल्या प्रश्नामुळे. पत्रकाराचं काम एका राजकारण्याने केलं, आणि तेही तीन माणसं जळून गेल्यावर. अमेरिकन पत्रकारांपैकी काहींनी तेव्हा स्वतःच्याच पेशाला उघडपणे बोल लावला की, आपण वार्ताहर राहिलो नाही, आपण संघातले खेळाडू झालो. ती कबुली मला फार मोलाची वाटते. सोव्हिएत पत्रकाराला ती देण्याचीही मुभा नव्हती.

मराठीत एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही आणि रशियनमध्येही नाही. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. अंतराळातल्या मोहिमा मुळात 'आम्ही'च्या असतात. त्या कोणा संस्थेच्या, कोणा सरकारच्या, कोणा कंत्राटदाराच्या. पैसा लोकांचा असतो, पण निर्णय लोकांचे नसतात. पत्रकाराने त्या 'आम्ही'कडे बाहेरून पाहायचं आणि लोकांना सांगायचं. १९५७ ते १९६७ या दहा वर्षांत दोन्ही देशांतल्या पत्रकारांनी 'आपण' लिहायला सुरुवात केली. आपण वर गेलो, आपण जिंकलो, आपण मागे पडलो. ज्या क्षणी वार्ताहर 'आपण' म्हणतो, त्या क्षणी झाकण कोणत्या बाजूला उघडतं, हा प्रश्न विचारणं त्याला घरभेदीपणा वाटू लागतं.

आपणही त्या 'आपण'मध्ये ओढले गेलो होतो. १९६१च्या अखेरीस गागारिन भारतात आला, मुंबईलाही आला. लोकांनी त्याला पाहायला गर्दी केली, आणि त्या गर्दीत मी असतो तर मीही टाचा उंचावून पाहिलंच असतं. ऑक्टोबर १९६९मध्ये पहिल्या चांद्रस्वारीवरून परतलेले तिघेही मुंबईत येऊन गेले. सोव्हिएत दूतावासाकडून येणारी गुळगुळीत कागदाची नियतकालिकं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोचत. वाचून झाली की त्यांची पानं मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हर म्हणून चढत. अमेरिकन माहिती खात्याचीही प्रकाशनं येत. एका पिढीने अंतराळ पाहिलं ते या दोन खिडक्यांतून, आणि दोन्ही खिडक्यांची काच रंगवलेली होती. आपल्या वर्तमानपत्रांकडे स्वतःचा वार्ताहर तिथे पाठवण्याइतके पैसे नव्हते. तारेवर येईल ते भाषांतर करून छापावं लागे. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या छायाचित्रांतून माणसं पुसलेली होती आणि त्या निवेदनांतून मरणं गाळलेली होती, हे आज माहीत असताना त्या काळाबद्दल नुसतं हळवं होऊन लिहिणं मला जमत नाही.

मॉस्कोत यारोस्लाव गोलोव्हानोव्ह नावाचे पत्रकार होते. 'कोमसोमोल्स्काया प्रावदा'त लिहायचे. पहिल्या तुकडीतल्या बहुतेकांना ओळखायचे, कोरोल्योव्ह यांनाही. १९६५ साली पत्रकारांमधून अंतराळवीर निवडायचं ठरलं, तेव्हा निवडलेल्या तिघांत ते एक होते. ते प्रत्यक्ष वर कधी गेले नाहीत. त्यांच्याइतका आतला माणूस दुसरा नव्हता. त्यांना कितीतरी गोष्टी माहीत होत्या आणि त्या छापता येत नव्हत्या. एवढी वर्षं ते गप्प राहिले, म्हणून त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते लिहून ठेवत राहिले. एप्रिल १९८६मध्ये, गागारिनच्या उड्डाणाला २५ वर्षं होत असताना, 'इझ्वेस्तिया' या सरकारी दैनिकात त्यांची लेखमाला आली. तिच्यात बोंदारेन्कोचं नाव होतं, हवाबंद खोली होती, कापसाचा बोळा होता, न उघडणारं दार होतं. नेल्युबोव्हही होता. खारकीव्हमध्ये बोंदारेन्कोच्या थडग्यावर 'मित्र वैमानिकांकडून' एवढंच कोरलेलं होतं. पुढे त्यात 'अंतराळवीर' हा शब्द वाढवला गेला.

लोकांनी ती लेखमाला वाचली, तिच्याबद्दल बोलले. देशात मोकळेपणाचं वारं येतंय, असं अनेकांना वाटलं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला पहाटे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. २८ तारखेला सकाळी स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सार सापडला आणि जगाला शंका आली. त्या रात्री मॉस्कोच्या दूरचित्रवाणीने अपघात झाल्याचं सांगितलं. बातमी चार-पाच वाक्यांची होती.